माझ्याच फोनचं रेकॉर्डिंग: पाच महिने, ऐंशी रुपये

लोक हॉटेलांबद्दल लिहितात, मिक्सरबद्दल लिहितात, मी एका अशा सेवेबद्दल लिहितेय जिची कुठे पाटी नाही. संकटात आपण मदतीसाठी फोन करतो, तो तिकडे रेकॉर्ड होतो. ते रेकॉर्डिंग आपल्याला मागून घेता येतं. मी घेतलं. अर्जाला दहा रुपये, अपिलाला वीस, सीडीचे पन्नास, आणि घटनेपासून सीडी हातात पडेपर्यंत पाच महिने. कोणता क्रमांक, कोणतं कार्यालय, ते लिहिणार नाही. एकदा बोट दाखवून झालंय माझं, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

१८ जुलै २०२४, गुरुवार. आदल्या दिवशी आषाढी झालेली. द्वादशीचं पारणं लवकर सोडायचं म्हणून मी पाचलाच स्वयंपाकघरात होते. ह्यांनी आतून हाक मारली, छातीत कसंतरी होतंय म्हणाले. जाऊन बघते तर अंगातला सदरा घामाने चिंब. मी फोन लावला.

अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण आधी दुसरीकडे जाऊन. आमचं घर पुण्यात, सहकारनगर नंबर दोनमध्ये. गाडी गेली नंबर एकमध्ये, आम्ही बावीस वर्षं भाड्याने राहिलो त्या इमारतीत. दुसऱ्या मजल्यावर स्ट्रेचर चढवलं, दार वाजवलं, झोपेतून उठलेल्या माणसांनी सांगितलं की ते कुटुंब सहा वर्षांपूर्वीच गेलं. मग मला फोन आला, मग गाडी इकडे. यात अकरा मिनिटं गेली. हे दोन दिवस आयसीयूत होते, नळ्या लावलेल्या, बोलता येत नव्हतं. शनिवारी पहाटे गेले. अकरा मिनिटांनी फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "काकू, याचं खरं उत्तर कोणालाच देता येणार नाही."

मला मात्र उत्तर मिळालं होतं. माझं सिम कार्ड जुन्या पत्त्यावर घेतलेलं. फोन उचलणाऱ्या मुलीने माझ्याकडे लक्ष न देता समोरच्या स्क्रीनवरचा पत्ता टाकला असणार, असं मी पक्कं धरलं. शिवाय तिने पत्ता तीन तीनदा विचारला होता, तेही मला स्वच्छ आठवत होतं. मी शिवाजीनगरच्या कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखक होते. साक्षीदार काय बोलला ते शब्दन् शब्द उतरवून घेणं हेच माझं काम, त्यामुळे स्वतःच्या कानांवर माझा भरवसा जरा जास्तच. तेरावं झाल्यावर मी चार पानी तक्रार लिहिली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगितली. नणंदेला, शेजारच्या वहिनींना, बँकेत पेन्शनच्या रांगेतसुद्धा. महिन्याभराने दोन ओळींचं उत्तर आलं: चौकशी केली असता संबंधित कर्मचाऱ्याचा दोष आढळून आला नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

या दोन ओळींनी माझा जितका संताप झाला तितका आधी झाला नव्हता. कसली चौकशी केली, काय ऐकलं, कोणी ऐकलं, काहीच नाही. तेव्हा ठरवलं, ते रेकॉर्डिंगच मागायचं.

मॉडेल कॉलनीत चित्तरंजन वाटिकेत रविवारी सकाळी माहिती अधिकार कट्टा भरतो, हे ऐकून माहीत होतं. एका रविवारी रिक्षाने गेले. तिथे एक आजोबा भेटले, त्यांनी माझा कच्चा अर्ज वाचला आणि पहिला परिच्छेद सरळ आडवी रेघ मारून काढून टाकला. त्यात मी ह्यांच्या आजारपणाचं सगळं लिहिलं होतं. "ताई, कारण लिहायचंच नाही. कलम ६(२). तुम्हाला कशासाठी हवंय हे विचारायचा त्यांना अधिकार नाही." अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात हे असंच चालतं. तारीख, फोन लावल्याची वेळ, माझा मोबाईल क्रमांक, आणि 'ध्वनिमुद्रण सीडीवर मिळावे'. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात माहितीची व्याख्या कागदापुरती नाही, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला कोणताही मजकूर त्यात येतो, आणि तो टेप किंवा सीडीसारख्या माध्यमावर मागायचा हक्कही त्यात लिहिलेला आहे. मी कोर्टात इतकी वर्षं काढली, पण हे मला त्या बाकावर बसून कळलं.

आजोबांनी आणखी एक सांगितलं, ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. ही रेकॉर्डिंग कायमची ठेवत नाहीत, मुदत संपली की पुसली जातात. म्हणून घटना घडल्यावर जमेल तितक्या लवकर एका कागदावर 'हे ध्वनिमुद्रण जतन करावे' एवढंच लिहून द्यायचं आणि पोच घ्यायची. मागितलेली माहिती कोणी नष्ट केली तर कलम २० खाली अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. माझं नशीब असं की तक्रार आधीच झालेली होती, त्यामुळे ती फाईल जपून ठेवलेली होती. ज्या तक्रारीची आज मला लाज वाटते, तिनेच रेकॉर्डिंग वाचवलं.

गणपती उठल्यावर अर्ज दिला. कायद्याने मुदत तीस दिवसांची. एकोणतिसाव्या दिवशी नकार आला. कलम ८(१)(ञ), त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती, देता येत नाही.

त्रयस्थ कोण? फोन माझा, आवाज माझा, नवरा माझा. तो कागद घेऊन मी बराच वेळ देवघरासमोर बसून होते. या सेवेला सगळ्यात कमी गुण मी इथे देईन, आणि ते गुण त्या एका अधिकाऱ्याचे नाहीत, एकदा लिहून ठेवलेलं उत्तर सगळ्यांना चिकटवायच्या सवयीचे आहेत. रेकॉर्डिंगचा अर्ज म्हटला की ८(१)(ञ). अर्ज करणाराच बोलणारा आहे का, हे बघायचं कष्ट कोणी घेतलेलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी पहिलं अपील केलं, जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प. डिसेंबरच्या सुरुवातीला सुनावणी. एका लहानशा केबिनमध्ये तीन खुर्च्या, टेबलावर काच, काचेखाली जुनं कॅलेंडर. जन माहिती अधिकाऱ्यांनी आपलं म्हणणं वाचून दाखवलं. मी म्हटलं, "साहेब, तिसरा पक्ष म्हणजे माझ्याशी बोललेली मुलगी. तिचं नाव झाका, तिचा नंबर झाका. माझं बोलणं मला द्या." अपीलीय अधिकाऱ्यांनी माझं आधार कार्ड बघितलं, मोबाईल नंबर अर्जाशी ताडून पाहिला, आणि कलम १० आहेच की, एवढंच म्हणाले. कलम १० म्हणजे माहितीचा जो भाग देता येत नाही तो वगळून उरलेला द्यायचा. बारा मिनिटांत काम झालं. निघताना ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ऐकताना घरात कोणीतरी सोबत असू द्या." या सेवेतल्या पूर्ण पाच तारे द्यावेत अशा माणसांत मी त्यांना धरते.

डिसेंबर संपता संपता सीडी मिळाली. सोबत वेळांचा तक्ताही दिला होता: फोन कधी आला, गाडीला कधी कळवलं, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली. तुम्ही अर्ज केलात तर हा तक्ता जरूर मागा. कोर्टात वापरायचं असेल तर रेकॉर्डिंगची प्रत खरी असल्याचं प्रमाणपत्रही त्याच अर्जात मागा. पूर्वी पुरावा कायद्याचं ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, आणि त्या नमुन्यात आता फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाईलवरूनच काढलेला ओळख-आकडा, लिहावी लागते, त्यामुळे नंतर एक सेकंद जरी कापला तरी कळतं. हे प्रमाणपत्र नसेल तर अशी प्रत पुरावा म्हणून चालत नाही, हे आपल्या जालन्याच्याच खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट करून ठेवलंय. मला कोर्टात जायचं नव्हतं. मला फक्त त्या मुलीचा खोटेपणा ऐकायचा होता.

घरच्या लॅपटॉपला सीडीची फटच नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक दुकान आहे, जुन्या कॅसेटी, लग्नाच्या टेपा पेनड्राइव्हवर करून देतात, तिथे गेले. दुकानदारांनी पहिले दोन सेकंद वाजवले, माझा आवाज ओळखला, आणि लगेच थांबवलं. काउंटरवरच्या मुलाला चहा आणायला पाठवलं, मला आतली खुर्ची दिली, कानाला हेडफोन लावून दिले आणि शटर अर्धं खाली ओढून स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. पैसे घ्या म्हटलं तर पेनड्राइव्हचे घेतले फक्त. तिथे ऐकण्यापेक्षा घरी ऐकावं असं साहेब म्हणाले होते, पण माझ्याने थांबवलं नाही.

दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद. घरी आल्यावर मी ते वहीत उतरवून काढलं, कोर्टात काढायचे तसं, डावीकडे वेळ लिहून.

सुरुवातीला ती नाव सांगते, तिथे टूं असा आवाज भरलाय. मग ती म्हणते, पत्ता सांगा मॅडम. मी म्हणते, सहकारनगर नंबर एक. ती म्हणते, एक का दोन? मी म्हणते, एक, एक, बागेच्या समोर, दुसरा मजला. ती पुन्हा सगळं म्हणून दाखवते: सहकारनगर नंबर एक, बागेच्या समोर, दुसरा मजला, बरोबर? मी म्हणते, हो, लवकर या.

मी सात वेळा ऐकलं. आधी वाटलं, लाइन खराब असेल. टेलिफोनवर आवाजाचा मधला पट्टाच जातो, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ, त्यामुळे स, श, फ एकमेकांत मिसळतात. हे मला नोकरीपासून माहीत आहे, टेप उतरवताना सगळ्यात जास्त अडचण याच अक्षरांची व्हायची. पण 'एक' आणि 'दोन' यांत तसलं एकही अक्षर नाही. आणि 'दुसरा मजला'? आम्ही आता पहिल्या मजल्यावर राहतो. बावीस वर्षं ज्या घरातून गॅसवाल्याला, डॉक्टरांना, पाहुण्यांना पत्ता सांगितला, तोच पत्ता त्या पहाटे तोंडातून आला. तिने तीनदा विचारलं हे मला बरोबर आठवत होतं. का विचारलं ते मी चुकीचं धरलं होतं.

एक मिनिट चौतीसला ती मला पहिल्यांदा काकू म्हणते. तोवर मॅडम. माझा श्वास लागलेला ऐकू येतो तिथे. "काकू, त्यांना चालवू नका. उशीला टेकून बसवा. दाराची कडी काढून ठेवा, जिन्यातला दिवा लावा, गाडी निघतेय." जिन्यातला दिवा मी लावला होता. त्याबद्दलही मी लोकांना सांगत आले होते की एवढ्या गडबडीत मला ते सुचलं. ते तिने सुचवलं होतं.

आणि दोन मिनिटं बावीस सेकंदांवर, लांबून, ह्यांचा आवाज: "अगं, दूध." माझा आवाज: "राहू दे ते दूध." दूध उतू गेलं होतं, संध्याकाळी नणंदेने ओटा पुसला, हे सगळं आठवतं. पण ते असं काही म्हणाले आणि मी असं काही म्हटलं, हे मला अजिबात आठवत नव्हतं. आमचं आमच्या घरातलं ते शेवटचं बोलणं. ह्यांच्या आवाजाची बाकी रेकॉर्डिंग आहेत माझ्याकडे, नातवाच्या बारशाचं आहे, पण ती सगळी कोणीतरी मोबाईल समोर धरल्यावरची आहेत.

माझी भाची अमेरिकेत, ओहायो राज्यात कोलंबसला असते. तिला सांगितलं तर म्हणाली, मावशी, इकडे यासाठी अपील करावं लागत नाही, ९११ चे फोन टीव्हीच्या बातम्यांतच लावतात. ९११ म्हणजे तिकडचा संकटात लावायचा क्रमांक. खरं आहे ते. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच ९११ ची रेकॉर्डिंग सार्वजनिक दस्तऐवज ठरवली. कोणीही मागावीत. तिथल्या सगळ्या राज्यांत तसं नाही, पण कनेक्टिकटमध्ये न्यूटाउनच्या शाळेतल्या गोळीबाराचे फोन न्यायालयाच्या आदेशाने डिसेंबर २०१३ मध्ये बाहेर आले, कुटुंबांना ते नको असताना. यामागचा विचार मला कळतो, आणि तो हलका नाही. यंत्रणा कशी चालते हे लोकांनी स्वतःच्या कानांनी ऐकावं, दोन ओळींच्या उत्तरावर विश्वास ठेवायची वेळ येऊ नये. मला आलेलं ते 'सबब निकाली' पत्र आठवलं की मी ओहायोच्या बाजूने होते.

मग मला "अगं, दूध" ऐकू येतं. हे टीव्हीवर, जाहिरातींच्या मध्ये? ह्यांनी कोणाला फोन केला नव्हता. ते पलंगावर होते, घरातल्या माणसाशी बोलत होते, आणि माझ्या फोनने ते उचललं. त्यांची परवानगी आता कोण देणार? मीसुद्धा देऊ शकत नाही.

मला पटतो तो न्यूयॉर्कचा मार्ग. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारतींत अडकलेल्या लोकांनी केलेले फोन वर्तमानपत्राने मागितले. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं, २००५ मध्ये निकाल लागला, आणि ३१ मार्च २००६ ला सुमारे १३० फोन लोकांसमोर आले. त्यांत फक्त फोन घेणाऱ्यांचे आवाज होते, अडकलेल्या माणसांचे काढून टाकलेले. ज्या कुटुंबांना आपल्या माणसाचं बोलणं हवं होतं, त्यांना ते मिळालं. यंत्रणेची बाजू सगळ्यांना, माणसाची बाजू त्याच्या माणसांना. माझ्या फोनमधला तिचा भाग उद्या कोणी लावला तर माझी हरकत नाही. लावावाच. नव्या मुलींना शिकवायला लावावा. एक का दोन, असं न चिडता कसं विचारतात ते ऐकावं.

आपल्याकडे मात्र वाट अरुंद होत चालली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) आखूड केलं. पूर्वी त्यात सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली माहिती, खासगीपणावर घाला घालणारी माहिती, अशी मोजमापं होती आणि जनहिताचं दारही त्याच कलमात होतं. आता 'वैयक्तिक माहिती' एवढंच. कलम ८(२) मधलं जनहित अजून शाबूत आहे, अर्जात त्याचा आधार घेता येतो. पण ज्या कार्यालयाने माझाच आवाज मला त्रयस्थ म्हणून नाकारला, तिथे ही आखूड ओळ कशी वापरली जाईल याची मला काळजी वाटते. ज्याने फोन केला त्याला त्याचं बोलणं मिळायला माहिती अधिकार लागूच नये. ओळखपत्र दाखवा, पंधरा दिवसांत घेऊन जा, असं हवं. लाइट बिलाची दुय्यम प्रत मिळते तसं.

ज्यांना मागायचं आहे त्यांनी मागा. कायदा चांगला आहे. पहिल्या नकाराला घाबरू नका, तीस दिवसांत अपील करा, तिथेही नाही झालं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, त्याचं खंडपीठ पुण्यातच आहे. फक्त रेकॉर्डिंगमध्ये आपल्याला हवं तेच निघेल असं धरून जाऊ नका, आणि ऐकताना साहेबांनी सांगितलं तसं कोणालातरी सोबत घ्या.

जानेवारीत मी त्या कार्यालयाला पत्र दिलं. एक पानी. माझी तक्रार चुकीची होती, पत्ता मीच जुना सांगितला, फोन घेणाऱ्या मुलीने तो तीनदा तपासून घेतला आणि पुढे जे सांगितलं ते सगळं बरोबर सांगितलं, हे पत्र तिच्या फाईलला लावावं आणि तिला दाखवावं. आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. नणंदेला, वहिनींना, बँकेत भेटणाऱ्यांना, ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांना एकेकाला गाठून खरं काय ते सांगितलं. पेन्शनच्या रांगेतले एक गृहस्थ मात्र परत दिसले नाहीत.

महिनाभर वाट पाहून मी आणखी एक अर्ज केला. त्या तक्रारीमुळे त्या मुलीला मेमो दिला होता का, पगार कापला का, माझं दुसरं पत्र तिच्या फाईलला लागलं का. दहा रुपयांचा स्टॅम्प लावला. पंचविसाव्या दिवशी नकार आला. कर्मचाऱ्याच्या सेवेची माहिती, मेमो वगैरे, वैयक्तिक आहे, कलम ८(१)(ञ), सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालाचा हवाला. तो निकाल मी उतरवलेल्या कितीतरी आदेशांत येऊन गेलाय. पत्र दोनदा वाचलं. या वेळी त्रयस्थ खरंच त्रयस्थ होती. अपिलाचे तीस दिवस मी जाऊ दिले.